औंध शोधताना

संगणकातील फाइल शोधून देणारे साधन अक्षरे वाचत नाही, तर अक्षरांमागचे संकेतांक जुळवते, ही गोष्ट औंध संस्थानाविषयी टिपणे जमवणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात फार उशिरा आली. तोवर ‘काहीही सापडले नाही’ हे उत्तर प्रमाण मानून त्याने हाताशी असलेली टिपणे नव्याने लिहून काढली होती.

मेख गावाच्या नावाच्या पहिल्याच अक्षरात आहे. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात ‘औ’ला स्वतःचा एक संकेतांक आहे, परंतु ‘अ’ टंकून त्याला ‘ौ’ हे चिन्ह जोडले, तर काही ठिकाणी पडद्यावर तेच रूप उमटते आणि आत मात्र दोन संकेतांक नोंदले जातात. युनिकोड या दोहोंना समान मानत नाही, त्यामुळे एकाने शोध घेतला असता दुसरे हाती लागत नाही. विंडोजवर फाइली शोधणारे एव्हरीथिंग हे साधन फाइलच्या नावाचा कोणताही तुकडा जुळवते, म्हणून तेथे नुसते ‘ंध’ टंकले तरी काम भागते (‘निबंध’ आणि ‘संबंध’ही त्यासोबत येतात, ते निवडून बाजूला काढावे लागतात), विंडोजचा स्वतःचा शोध मात्र सहसा शब्दाच्या आरंभापासून जुळणी करतो, तेव्हा तेथे दोन्ही रूपे टंकून पाहावीत. शिवाय एव्हरीथिंग मुख्यतः नावेच पाहते, फाइलीतला मजकूर नव्हे.

युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर रोमन चिन्हांच्या संकेतांकांवर बसवलेला असल्यामुळे त्याचे रूपांतर केल्यावाचून, आणि स्कॅन केलेला कागद केवळ चित्र असल्यामुळे त्यातील अक्षरे ओळखून घेतल्यावाचून, शोधाच्या कक्षेत येत नाही.

याहून अवघड अडचण इतिहासाने निर्माण केलेली आहे. संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. त्यातील आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात असली, तरी १९४९ ते १९६० या काळात त्या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते, म्हणून त्या वर्षांचे कागद ‘सांगली’ या शब्दाने सापडत नाहीत. यास्तव फाइलीच्या नावात आरंभीच वर्ष आणि पुढे ‘संस्थान’ हा शब्द घालावा: संस्थानाच्या १९३९च्या राज्यघटनेचे टिपण ‘१९३९ औंध संस्थान घटना’ या नावाने ठेवल्यास पुण्यातील औंध या दुसऱ्या ठिकाणाची कागदपत्रे त्यात मिसळत नाहीत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतरच्या कागदांना मात्र ‘संस्थान’ हा शब्द शोभत नाही. त्यांपैकी औंध गावाविषयीच्या कागदांच्या नावात ‘खटाव’ हे त्या गावाच्या तालुक्याचे नाव जोडावे.