गाळ्याच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती : पैसे कशाचे द्यायचे?

वसईतल्या कामणच्या गाळ्यात माल, बिलं आणि उधारी सांभाळणारं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालत असेल, तर इथलं रोजचं आडनावही त्याला अडवू शकतं. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना अनेक जण 'डी'नंतर सिंगल कोट देतात. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत तीच मजकूर संपल्याची खूण. कोड निष्काळजीपणे लिहिला असेल, तर त्या ग्राहकाचं बिल निघत नाही. दुरुस्तीचं कोटेशन मागवण्यापूर्वी काम समजून घ्या.

काम काय असतं?
पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचा कोड सहसा मजकूर म्हणूनच द्यावा लागतो. जुन्या पद्धतीत आतला प्रत्येक सिंगल कोट दोनदा लिहायचा. त्यामुळे या एका आडनावाला साध्या क्वेरीत ४, फंक्शनमध्ये ८ आणि फंक्शनच्या आत मजकूर म्हणून जुळवलेल्या क्वेरीत १६ कोट लागतात. एक चुकला, तरी शोधण्यात तास जातात. २००५ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून कोडच्या दोन्ही टोकांना $$ लावता येतं. मग आतले कोट आहेत तसेच राहतात. एकात एक मजकूर असेल, तर $काम$ अशी नावाची खूण करायची. सुरुवातीची आणि शेवटची खूण मात्र तंतोतंत सारखी हवी.

खर्च किती?
• पोस्टग्रेसचा परवाना : ० रुपये.
• फंक्शनचे बाहेरचे कोट बदलणं : वेगळे पैसे देऊ नका. बॅकअप घेणारं पीजी-डम्प फंक्शनचा कोड स्वतःच डॉलरच्या खुणांत लिहून देतं.
• आतल्या जुळवलेल्या क्वेरी आणि चाचणी : खरा खर्च इथे. उदाहरणादाखल, ताशी १,००० रुपयांनी ३ तासांचे ३,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. एकूण ३,५४० रुपये.

सावध राहा
$$ म्हणजे सुरक्षेचं कुलूप नव्हे. ग्राहकाने भरलेली माहिती क्वेरीत थेट चिकटवली, तर धोका कायम राहतो. ती पॅरामीटर म्हणूनच, म्हणजे क्वेरीपासून वेगळी, पाठवली जाईल, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. कामाआधी बॅकअप घ्यायला लावा.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सिंगल कोट असलेल्या नावाचं बिल समोर काढून दाखवायला सांगा. गिऱ्हाइकाचं नाव तो लिहितो तसंच छापून आलं, तरच काम पूर्ण झालं.