पंख्याची घरघर आणि रूममेटची झोप

सबमिशनचे दिवस आले की होस्टेलमध्ये एक भांडण हमखास ऐकू येतं. एकाला रात्रभर मशीन चालू ठेवायचं असतं (सिम्युलेशन, रेंडर, कधी कधी नुसताच गेम!) आणि दुसऱ्याला झोपायचं असतं. "अरे, एवढासा फॅन, त्याचा कसला त्रास?" असं पहिला म्हणतो. दुसऱ्याला उत्तर सुचत नाही, कारण आवाज खरंच मोठा नसतो. आमच्या विंगमध्ये यावरून एका जोडीने सेमिस्टरच्या मध्येच खोल्या बदलल्या. मी मेकॅनिकलचा. आमच्या पुस्तकात फॅनची एफिशियन्सी असते, फॅनशेजारी झोपणाऱ्याबद्दल काही नसतं. म्हणून थोडं वेगळं वाचलं. माझं मत आधीच सांगून टाकतो: झोपणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, फक्त ती डेसिबलच्या आकड्यात दिसत नाही.

डेसिबल ही लॉगरिदमिक मोजणी, हे आपल्याला फर्स्ट इयरपासून माहीत आहे. एका फॅनशेजारी तसाच दुसरा लावला तर आकडा फक्त 3 ने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल वाढ लागते, म्हणजे तसे दहा फॅन! पण हा ठोकताळा साधारण 40 डेसिबलच्या वर चालतो. त्याखाली, म्हणजे नेमकं रात्रीच्या शांत खोलीत, त्याहून कमी वाढीनेही आवाज दुप्पट वाटतो. शिवाय कान सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या ऐकत नाही. 1933 साली बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी याचे आलेख काढले, आणि फॅनच्या खोक्यावर जो 'डीबीए' लिहिलेला असतो त्याचं मूळ या आलेखांत आहे. त्यात 100 हर्ट्झच्या आवाजाला तब्बल 19 डेसिबलची सूट मिळते. हा आकडा उपयोगी आहे, पण तो आवाज किती आहे एवढंच सांगतो. कसा आहे ते सांगत नाही.

आणि सगळी गंमत त्या 'कसा' मध्ये आहे. फॅनच्या आवाजात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे हवेचा 'हूऽऽ' असा पसरट आवाज. दुसरा पात्यांचा सूर. सात पात्यांचा फॅन मिनिटाला 1800 फेरे घेत असेल तर सेकंदाला 30 फेरे, म्हणजे 210 वेळा एकेक पातं मागच्या आडव्या पट्टीजवळून जातं. 210 हर्ट्झ म्हणजे पेटीवरची जवळपास काळी चार! आपला कान सूर शोधायला सवयीचा आहे. पसरट आवाजातून तो सूर वेगळा काढतो आणि मग सोडत नाही. म्हणून दोन फॅनचा डीबीए सारखाच असला तरी गुणगुणणारा फॅन जास्त छळतो.

त्यात दोन फॅन असले तर आणखी मजा. दुसरा 1770 ने फिरत असेल तर त्याचा सूर 206.5 हर्ट्झ. दोघांत फरक साडेतीनचा, म्हणजे सेकंदाला साडेतीन वेळा आवाज फुगणार आणि ओसरणार. तानपुऱ्याच्या दोन तारा जुळत आल्या की अशाच लाटा ऐकू येतात, आणि वाजवणारा त्या जाईपर्यंत खुंटी पिळतो. इथे खुंटी कोण पिळणार? दुर्दैव असं की सेकंदाला चारच्या आसपासचे चढउतार कानाला सर्वात जास्त जाणवतात. आपल्या बोलण्याचाही वेग साधारण तोच आहे. शेजारी कोणी पुटपुटत असावं तसं वाटतं, मग झोप कशी लागणार?

एकसारख्या आवाजाची मात्र कानाला सवय होते. लाईट गेली की 'अरे, इतका वेळ आवाज येत होता तर!' असं वाटतं, ते यामुळेच. कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस मशीन चालू असतात, तरी तिथे कोणी तक्रार करत नाही; तीस सुरांचा मिळून एक गोंगाट होतो, त्यात एकही सूर वेगळा उरत नाही. खोलीतही उन्हाळ्यात छतावरचा पंखा कॅबिनेटचा आवाज झाकून टाकतो. डिसेंबरमध्ये तो पंखा बंद झाला की भांडणं सुरू! (आमच्या विंगमधली अदलाबदल थंडीतलीच.)

राहिला प्रश्न मशीनवाल्याला त्रास का होत नाही हा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग 1972 साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी लोकांना अधूनमधून मोठा आवाज ऐकवला. काहींना एक बटण दिलं: असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. ते न दाबताही या लोकांनी नंतरच्या कामात इतरांपेक्षा कमी चुका केल्या आणि ते चिकाटीने बसले. आवाज तोच, फक्त तो थांबवणं आपल्या हातात आहे ही जाणीव वेगळी. आपल्या खोलीत ते बटण मशीनवाल्याच्या हातात असतं.

उपाय खर्चाचे नाहीत. फॅनचा वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे 15 डेसिबलने वाढतो. उलट वेग 20 टक्के कमी केला तर हवा 20 टक्केच कमी होते, आवाज मात्र जवळपास 5 डेसिबल उतरतो. हीटसिंकमधली धूळ काढली तर एवढा वेग सहज कमी करता येतो (ब्रश मारताना पाती बोटाने धरून ठेवा). अनेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये तापमान थोडं हललं की फॅनने लगेच धावू नये अशी सोय असते, ती चालू करावी. सारखा चढणारा-उतरणारा आवाज सवयीचा होत नाही. कॅबिनेट पत्र्याच्या टेबलावर असेल तर पायांखाली रबराचे तुकडे द्या, नाहीतर टेबलच घुमायला लागतं. आणि रात्री अकरानंतर मशीन कोणत्या मोडवर चालवायचं हे झोपणाऱ्याला ठरवू द्यावं. रेंडर तासभर उशिरा संपेल, एवढंच.