गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि रक्ताची तपासणी

"रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. आता आतली तपासणी कशाला, भावजी?" असे आमच्या वसाहतीतील एक वहिनी म्हणाल्या. मी बँकेतला कारकून, डॉक्टर नव्हे. पण हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून वाचून समजले ते मांडतो.

या रोगात रक्तातील 'एससीसी अँटिजेन' मोजतात. १९७७ साली काटो व तोरिगोए या जपानी संशोधकांनी त्याची माहिती दिली. परंतु रोग लहान असताना हा आकडा बहुधा वाढत नाही. उलट सोरायसिस वा मूत्रपिंडाच्या विकारात कर्करोग नसतानाही तो वाढतो. निदान होते ते तुकडा काढून, बायोप्सीनेच. उपचारानंतर उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर रोग उलटल्याची शंका घेतात. त्याचा खरा उपयोग तेथे आहे.

रोगाचे मूळ एचपीव्ही हा विषाणू. तो गर्भाशयमुखाच्या पेशींत राहतो, म्हणून नमुना तेथूनच घ्यावा लागतो. आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणी एकदाच झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

वहिनींची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि पुन्हा रक्त जात होते. हे त्यांनी नंतर माझ्या पत्नीला सांगितले. दुसऱ्याच दिवशी दोघी स्त्री डॉक्टरकडे गेल्या.