उंची, प्राणवायू आणि खेळाडू : डॉ. ग्रिफिथ प्यू यांचे संशोधन

समुद्रकिनारा असो वा हिमशिखर, हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. परिणामी रक्तात मिसळणारा प्राणवायू अपुरा पडतो. या अवस्थेत शरीर किती श्रम करू शकते, याचा शोध ब्रिटिश वैद्य व शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. ग्रिफिथ प्यू (१९०९-१९९४) यांनी घेतला.

१९५२ च्या चो ओयू मोहिमेत त्यांनी गिर्यारोहकांवर प्रत्यक्ष हिमालयातच प्रयोग केले. मिनिटाला २ लिटर प्राणवायू दिल्यास होणारा लाभ उपकरणाच्या ओझ्यातच जिरतो, ४ लिटर दिल्यास मात्र चढाई सुकर होते, असे त्यांना आढळले. थंड, कोरड्या हवेत श्वासावाटे बरेच पाणी निघून जाते. म्हणून प्रत्येकाने रोज ३ ते ४ लिटर द्रव घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. बर्फ वितळवायचे तर पुरेसे इंधनही वर न्यावे लागणार! २९ मे १९५३ रोजी तेनझिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्ट सर केले. त्या यशात या मोजमापांचा वाटा मोठा होता; प्यू यांचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठी आले नाही.

१९६०-६१ च्या हिवाळ्यात सुमारे ५,८०० मीटर उंचीवरील ‘सिल्व्हर हट’ या प्रयोगशाळेत त्यांच्या पथकाने कित्येक महिने काढले. भारतीय सैन्यातील डॉक्टर कॅप्टन एस. बी. मोटवानी हेही त्यात होते. एवढ्या उंचीवर दीर्घ वास्तव्यानंतरही वजन घटतच राहते, म्हणजे अनुकूलनालाही मर्यादा आहे, हे तेथे दिसून आले.

पुढे १९६८ चे ऑलिंपिक सुमारे २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको सिटीत भरणार असल्याने तोच प्रश्न धावपटूंपुढे उभा राहिला. प्यू यांनी १९६५ मध्ये सहा ब्रिटिश धावपटूंना तेथे नेले. ३ मैलांच्या धावेस पहिल्या आठवड्यात ८ टक्क्यांहून अधिक वेळ जादा लागला. चार आठवड्यांनी ही तूट कमी झाली, पण भरून निघाली नाही. १ मैलाच्या धावेत ती बरीच कमी होती. म्हणजे अंतर जितके लांब, तितका प्राणवायूवरील भार अधिक. कमी अंतराच्या शर्यतीत स्नायूंतील साठवलेली ऊर्जा कामी येते, शिवाय विरळ हवेचा अडथळाही कमी.

प्रत्यक्ष स्पर्धेत तसेच घडले. लांब उडीत बॉब बीमन यांनी ८.९० मीटरचा विश्वविक्रम केला. १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या उंच प्रदेशातील नफ्ताली टेमू यांनी २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली. विश्वविक्रम होता २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा. तो ज्यांच्या नावावर होता ते ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क सहावे आले आणि अंतिम रेषा ओलांडताच कोसळले. त्यांना प्राणवायू द्यावा लागला.