व्याजातून कापलेला कर परत मिळविताना

मुदत ठेवीच्या व्याजातून कर कापला गेला की, अल्प उत्पन्नाचे अनेक ठेवीदार ती रक्कम गेलीच असे समजून स्वस्थ बसतात. वस्तुतः उद्गम करकपात ही अंतिम करआकारणी नव्हे. ती केवळ आगाऊ वसुली होय.

१ एप्रिल २०२५ पासून बँकेतील ठेवींवरील वार्षिक व्याज ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास ही कपात होते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. कपातीचा दर १० टक्के असून पॅन नोंदविलेला नसल्यास तो २० टक्के होतो.

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहिणीस २०२५-२६ या आर्थिक वर्षात ६३,००० रुपये व्याज मिळाले. कपात संपूर्ण व्याजावर होत असल्याने ६,३०० रुपये कापले गेले. अन्य उत्पन्न नसल्याने तिला कर लागूच होत नाही. तथापि ती रक्कम शासनाकडे जमा झाल्याने बँक परत करू शकत नाही. त्यासाठी प्राप्तिकर विवरणपत्रच भरावे लागते. ‘उत्पन्न करपात्र नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा विचार येथे नुकसानकारक ठरतो.

बँकेकडून करकपातीचे प्रमाणपत्र घ्यावे, ती रक्कम आपल्या पॅनवर नोंदली गेल्याची खात्री करावी आणि विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी पूर्ण करावी. परतावा पूर्वपडताळणी झालेल्या बँक खात्यातच जमा होतो.

पात्र ठेवीदाराने दरवर्षी वर्षारंभीच बँकेत स्वयंघोषणापत्र दिल्यास मात्र कपात व परतावा हा सारा व्याप टळतो.