एचडी डीव्हीडीवरचे चित्रपट यापुढे कसे पाहता येतील?

तोशिबाने फेब्रुवारी २००८मध्ये एचडी डीव्हीडी गुंडाळली. तिचा लेसर ब्लू-रेसारखाच निळा-जांभळा. मात्र माहितीचा थर ब्लू-रेत पृष्ठभागाखाली ०.१ मिलिमीटरवर, तर इथे ०.६ मिलिमीटरवर असतो. त्यामुळे साध्या ब्लू-रे प्लेअरवर ही तबकडी चालत नाही. जुन्या प्लेअरच्या सुट्या भागांमागे धावण्यापेक्षा एक्सबॉक्स ३६०चा वापरलेला एचडी डीव्हीडी ड्राइव्ह शोधणे बरे. तो यूएसबीने संगणकालाही जोडता येतो. योग्य सॉफ्टवेअर तेवढे हवे.

खरी चिंता तबकड्यांचीच. वॉर्नर स्टुडिओच्या अनेक तबकड्या आतून खराब झाल्या आहेत. वरून लख्ख, एक ओरखडा नाही, तरी माहितीचा दुसरा थर सुरू होताच चित्र गोठते. पुसून उपयोग होत नाही. तो चित्रपट ब्लू-रेवर पुन्हा घ्यावा लागतो. मागच्या बाजूला साधी डीव्हीडी असलेल्या काही तबकड्यांची तेवढी बाजू मात्र डीव्हीडी प्लेअरवर लागते.