नांदेड-लातूरचा वळीव : अंदाज आणि अर्थ

मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्याची परमावधी. नांदेडचा पारा 42 अंशांच्या पुढे जाणे नित्याचेच. विहिरी तळ गाठतात, काळ्या जमिनीला भेगा पडतात. 2016 साली तर लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीने 10 टाक्यांतून 5 लाख लिटर पाणी आणले होते. अशा प्रदेशात दुपारी आभाळ झाकोळून आले, की माणसाचे मन हरखून जाते यात नवल नाही. परंतु याच दिवसांत हवामान खात्याच्या अंदाजात एक ठरावीक वाक्य असते : 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.' 'तुरळक' म्हणजे किरकोळ, असे समजून आपण ते वाक्य सोडून देतो. ही समजूत किती घातक आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

वळीव येतो कसा?

वळवाला तीन गोष्टी लागतात : तापलेली जमीन, दमट हवा आणि त्या हवेला वर उचलणारे काहीतरी. पहिली गोष्ट आपल्याकडे मुबलक आहे. दुसरी समुद्रावरून येते. उन्हाळ्यात अनेकदा मध्य प्रदेश-विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. त्याच्या पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरचे बाष्प येते, तर पश्चिमेकडून कोरडे उष्ण वारे येतात. दोहोंची गाठ जेथे पडते तेथे हवा वर ढकलली जाते. सकाळपासून तापलेली जमीन दुपारनंतर तिला आणखी रेटा देते. म्हणूनच वळीव बहुधा दुपारी तीननंतर येतो.

वर गेलेल्या बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ढग आणखी वाढतो. हा ढग 12 ते 15 किलोमीटर उंच जाऊ शकतो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. विजेचा जन्म तो हाच. पुढे पावसाबरोबर थंड हवा वेगाने खाली कोसळते व जमिनीवर चोहीकडे पसरते. पावसाच्या आधी धुरळा उडवत येणारा वारा तो हाच. अर्धापूर-मुदखेडकडच्या केळीच्या बागा याच वाऱ्याने आडव्या होतात.

'तुरळक' म्हणजे काय?

हवामानशास्त्रात हा शब्द पावसाचा जोर सांगत नाही, विस्तार सांगतो. एखाद्या विभागातील 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. त्याहून अधिक, 50 टक्क्यांपर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. वळवाचा एकेक ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि साधारण तासाभरात विरतो. त्यामुळे औशाला झोडपून काढणारा पाऊस लातुरात थेंबही न टाकता जाऊ शकतो. नांदेडचे 16 आणि लातूरचे 10 तालुके धरले, तर नेमके कोणते शिवार सापडेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून 'तुरळक' याचा खरा अर्थ 'थोडे' असा नसून 'कोठेही' असा घ्यावा. जेथे ढग फुटेल तेथे वीज, वारा, गारा पूर्ण जोरानेच येणार.

यासाठी सकाळचा अंदाज ऐकून थांबू नये. हवामान खाते पुढील तीन तासांचा तात्कालिक इशाराही देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते.

आपले कर्तव्य

आपल्यापैकी अनेकजण सुटीत गावी जातात आणि भुईमूग काढायला किंवा धसकटे वेचायला शेतात असतात. पाऊस आला की लिंबाखाली धावणे ही आपली जुनी सवय, आणि जनावरेही तेथेच बांधलेली. पण उंच झाडावर पडलेली वीज खोडावरून बाजूच्या माणसावर उडी घेते व मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. वीज चमकल्यावर अंक मोजावेत. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर हा हिशेब. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ताबडतोब पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. घर दूर असेल तर झाडापासून व तारांपासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये.

आणखी एक. वळीव म्हणजे मृगाचा पाऊस नव्हे. एका सरीवर विसंबून सोयाबीन पेरले आणि पुढे उघडीप पडली, तर बियाणे वाया जाते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याविना पेरणी करू नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला त्यासाठीच आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना आभाळाची भाषा आपल्यापेक्षा अधिक कळते. परंतु अंदाजाची भाषा त्यांना समजावून सांगणे हे आपले, शिकलेल्यांचे काम. या सुटीत घरी गेल्यावर 'तुरळक' या एका शब्दाचा अर्थ जरी आपण त्यांना सांगितला, तरी भूगोलाचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.